वाटाड्यासह बास मासेमारी : टेक्सासमधील लेक फोर्क जलाशयाच्या संदर्भात

प्रस्तावना

मासेमारी म्हटले की आपल्याकडे जाळे, होडी, बाजार आणि त्यावर पोट असणारा भोई किंवा कोळी समाज डोळ्यांसमोर येतो. मासा पकडून तो पुन्हा पाण्यात सोडून देणे, आणि त्यासाठी दुसऱ्या माणसाला दिवसभराची मजुरी देणे, ही कल्पना मराठी वाचकास प्रथमदर्शनी काहीशी विचित्र वाटणे स्वाभाविक आहे. तथापि अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांमध्ये हा एक स्थिरावलेला व्यवसाय असून त्यावर अनेक लहान गावांचे अर्थकारण उभे आहे. गोड्या पाण्यातील बास मासा हा या व्यवसायाचा केंद्रबिंदू होय. गिऱ्हाइकास आपल्या होडीतून जलाशयावर नेणारा, मासा कोठे असेल हे सांगणारा आणि गळ टाकण्याचे तंत्र शिकवणारा जो जाणकार असतो, त्यास इंग्रजीत गाइड म्हणतात. मराठीत त्याला ‘वाटाड्या’ म्हणणेच अधिक योग्य ठरेल. कारण मासा पकडणे हे त्याचे मुख्य काम नसून पाण्याखालची वाट दाखवणे हे आहे.

प्रस्तुत लेखात टेक्सास राज्यातील लेक फोर्क या जलाशयाच्या आधारे या व्यवसायाची घडण समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. जो मासा कायद्याने विकता येत नाही आणि जो सहसा घरीही नेला जात नाही, त्यावर उपजीविका कशी चालते, आणि ती चालावी म्हणून निसर्गात किती ढवळाढवळ करावी लागते, हे दोन प्रश्न येथे मध्यवर्ती आहेत. दुसऱ्या प्रश्नाचा एक धागा महाराष्ट्रातील लोणावळ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

मासा आणि जलाशय

प्रथम नावाविषयीचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पेण-अलिबाग परिसरात चवीसाठी नावाजलेल्या जिताड्यास इंग्रजीत ‘सी बास’ म्हटले जाते. परंतु अमेरिकेतील या बासशी त्याचे जवळचे नाते नाही. अमेरिकी बास हा तेथील ‘सनफिश’ कुळातील मासा आहे. त्याचा जबडा मोठा असून मिटलेल्या तोंडाची कड डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, म्हणून त्यास ‘लार्जमाउथ’ म्हणजे मोठ्या तोंडाचा बास असे नाव मिळाले. तो पाठलाग करून शिकार करणारा मासा नव्हे. बुडालेले झाड, पाणवनस्पतींची कड, खडकाची कपार अशा आडोशाला दबा धरून तो बसतो आणि भक्ष्य जवळ येताच झडप घालतो. त्याच्या या एका सवयीवर वाटाड्याची सारी विद्या आधारलेली आहे.

या माशाचे दोन प्रकार महत्त्वाचे आहेत : उत्तरेकडील आणि फ्लोरिडातील. दीर्घकाळ या दोहोंना एकाच जातीचे उपप्रकार मानले जात असे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानंतर त्यांना स्वतंत्र जाती मानण्यात येऊ लागले, आणि गंमत अशी की ‘मायक्रोप्टेरस सालमॉइड्स’ हे जुने शास्त्रीय नाव फ्लोरिडाच्या बासकडे गेले, तर पाठ्यपुस्तकांतून ज्याला हे नाव शिकवले जात होते तो सर्वपरिचित मासा ‘मायक्रोप्टेरस निग्रिकन्स’ झाला. फ्लोरिडाचा बास अधिक मोठा होतो, ही बाब पुढील सर्व घडामोडींचे मूळ आहे.

टेक्सासमध्ये मोठी नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीत. तेथील बहुतेक जलाशय विसाव्या शतकात नद्यांवर धरणे बांधून निर्माण झाले. त्यांमध्ये स्थानिक बास होताच. पण १९४३ साली पकडलेल्या साडेतेरा पौंडी, म्हणजे सुमारे ६.१ किलोग्रॅमच्या माशाचा राज्यविक्रम १९८० पर्यंत कोणालाही मोडता आला नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी राज्याच्या वन्यजीव विभागाने फ्लोरिडाच्या बासचे बीज आणून वाढवण्यास सुरुवात केली. डॅलस शहराच्या पूर्वेस सुमारे शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, साबीन नदीच्या लेक फोर्क या उपप्रवाहावर धरण बांधले जात होते. पाण्याच्या पुरवठ्यासाठी बांधलेल्या या धरणाचे पाणी १९८० मध्ये अडवले गेले आणि १९८५ च्या अखेरीस सुमारे २७ हजार एकरांचा, म्हणजे जवळपास ११ हजार हेक्टरांचा जलाशय पूर्ण भरला.

लेक फोर्कचे वेगळेपण असे की, जलाशय भरण्याआधीच त्या खोऱ्यातील शेततळ्यांत फ्लोरिडाच्या बासचे बीज सोडण्यात आले होते. पाणी चढले तेव्हा ही तळी बुडाली आणि त्यांतील मासे नव्या, अन्नसमृद्ध पाण्यात आपोआप पसरले. खोऱ्यातील बरीच झाडी मुद्दामच न तोडता उभी ठेवली होती. बुडालेली शेते, रस्ते, तळ्यांचे बांध, ओढ्यांची वळणे हे सर्व पाण्याखाली शाबूत राहिले. उजनीचे पाणी ओसरल्यावर पळसदेवचे मंदिर वर आलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना बुडालेल्या मुलखाची ही कल्पना सहज करता येईल. (योगायोग असा की उजनी धरणही १९८० मध्येच पूर्ण झाले.)

नोव्हेंबर १९८६ मध्ये लेक फोर्कवर मार्क स्टीव्हन्सन यांच्या गळाला १७.६७ पौंडांची, म्हणजे आठ किलोग्रॅमची मादी लागली. स्टीव्हन्सन हे त्याच जलाशयावरील वाटाडे होते. त्यांनी ती मारली नाही. राज्याच्या मत्स्य विभागाकडे जिवंत सोपवली. ‘एथेल’ या नावाने ओळखली गेलेली ही मादी पुढे १९९४ पर्यंत मिसूरी राज्यातील स्प्रिंगफिल्ड येथे एका मोठ्या दुकानातील काचेच्या टाकीत लोकांना पाहावयास मिळत होती. १३ पौंडांवरील मासा प्रजननासाठी राज्याला ‘उसना’ देण्याची जी ‘शेअरलंकर’ योजना टेक्सासमध्ये आहे, तिच्या नोंदवहीतील पहिला मासा एथेलच होय. त्यानंतर अशा सहाशेहून अधिक माशांची नोंद झाली आहे. २४ जानेवारी १९९२ रोजी याच जलाशयात १८.१८ पौंडांचा मासा मिळाला आणि तो राज्यविक्रम आजतागायत टिकून आहे. तो पकडणारे गृहस्थ मात्र बासच्या मागावर नव्हतेच. ‘क्रॅपी’ नावाच्या लहान माशासाठी हलक्या काठीला जिवंत मासोळी लावून ते बसले होते. वाटाड्यांच्या शास्त्राला हा विक्रम काहीसा अडचणीचा आहे, हे मान्य करावे लागेल.

वाटाड्याचा दिवस

सहल अर्ध्या दिवसाची असते किंवा पूर्ण दिवसाची. पहिली साधारण चार तासांची, दुसरी आठ तासांची. होडीत सहसा एक किंवा दोन गिऱ्हाइके घेतली जातात. काठ्या, रीळ, आमिषे, होडी व इंधन वाटाड्याचे. मासेमारीचा परवाना मात्र ज्याचा त्याने काढावयाचा असतो. दिवसाचा मोबदला काही शे डॉलर असून मासा मिळो वा न मिळो तो द्यावा लागतो. दिवसाअखेर वर बक्षिसी देण्याचीही रीत आहे. मोबदला घेऊन दुसऱ्यास मासेमारीस नेणाऱ्याने राज्याचा वेगळा वाटाड्या-परवाना घेणे टेक्सासमध्ये बंधनकारक आहे. केंद्राच्या नौकानयन कायद्याखाली येणाऱ्या जलमार्गांवर तर पैसे देणारे प्रवासी नेण्यासाठी तटरक्षक दलाचा नाविक परवानाही लागतो.

होडी फायबरची, सुमारे वीस फुटांची असते. मागे मोठे इंजिन, ते केवळ एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वेगाने जाण्यासाठी. जागेवर पोहोचल्यावर ते बंद करून पुढच्या टोकाला बसवलेली विजेवरची लहान मोटर पाण्यात सोडतात. वाटाड्या तिच्यापाशी उभा राहतो आणि पायाने ती चालवत होडीला आवाज न करता झाडांमधून नेतो. त्यामुळे त्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. होडीच्या पोटात हवा खेळत्या पाण्याची टाकी असते. तीत मासा जिवंत राहतो.

वर्षभराचा क्रम माशाच्या ऋतुचक्रावर ठरतो. फेब्रुवारीपासून पाणी तापू लागते तशा जड झालेल्या माद्या खोल पाण्यातून उथळ खाड्यांच्या तोंडाशी येतात. मार्च-एप्रिलमध्ये वीण होते, आणि हाच वाटाड्यांचा सुगीचा काळ. उन्हाळ्यात मासा खोल जातो. मग पहाटे पाण्याच्या पृष्ठभागावर खळबळ करणारे आमिष आणि दिवस चढल्यावर बुडालेल्या रस्त्यांचे व बांधांचे उंचवटे, असा दिवस विभागला जातो. शरद ऋतूत लहान ‘शॅड’ माशांचे थवे ओढ्यांच्या आतल्या भागात शिरतात आणि त्यांच्यामागे बासही येतो.

आमिषांपैकी सर्वात महत्त्वाचे म्हणजे प्लॅस्टिकचे गांडूळ. ओहायोतील निक क्रीम यांनी ते १९४९ मध्ये तयार केले व पुढे त्यांचा कारखाना टेक्सासमधील टायलर येथे, म्हणजे लेक फोर्कपासून फार दूर नसलेल्या गावी आला. गोळीच्या आकाराचे शिसे दोऱ्यात ओवून गळाचे टोक गांडुळाच्या अंगातच दडवण्याच्या पद्धतीस ‘टेक्सास रिग’ म्हणतात. टोक दडलेले असल्याने गळ झाडांच्या फांद्यांत अडकत नाही. बुडालेल्या जंगलात मासेमारी शक्य झाली ती या साध्या युक्तीमुळे.

नवख्या गिऱ्हाइकाला सर्वात कठीण जाते ते ‘लागणे’ ओळखणे. मासा गांडूळ तोंडात घेतो तेव्हा हिसका बसतोच असे नाही. कधी दोरा किंचित बाजूला सरकतो, कधी नुसताच हलका वाटू लागतो. क्षणभरात मासा ते थुंकून टाकतो. वाटाड्याची नजर गिऱ्हाइकाच्या काठीवर नव्हे, तर त्याच्या दोऱ्यावर असते. हे शिकवणे हाच व्यवसायाचा अधिक टिकाऊ भाग आहे, असे म्हणता येईल. कारण दुसरा भाग, म्हणजे जागेचे गुपित, आता झपाट्याने झिजत चालला आहे.

पूर्वी काठावरील दोन खुणा एका रेषेत आणून पाण्यातील जागा लक्षात ठेवली जात असे. १९५९ मध्ये कार्ल लोरन्स यांच्या कंपनीने मच्छीमारांसाठी ध्वनिलहरींवर चालणारे लहान यंत्र बाजारात आणले आणि तळाचा चढउतार दिसू लागला. पुढे उपग्रहावर आधारित स्थाननिश्चिती आली. आज गिऱ्हाइकाच्या खिशातील फोनही वाटाड्याची वीस वर्षांची जागा एका बोटाच्या स्पर्शाने टिपून घेऊ शकतो, आणि त्यास प्रतिबंध करणारा कोणताही कायदा नाही. जलाशय सार्वजनिक आहे. २०१८ पासून होडीपुढचे पाणी जिवंत चित्रासारखे दाखवणारी यंत्रे आली. पडद्यावर मासा दिसतो, त्याच्याकडे जाणारे आमिष दिसते, तो वळला की नाही तेही दिसते. पश्चिम टेक्सासमधील ओ. एच. आयव्ही या जलाशयावर २०२१ पासून अवाढव्य मासे मोठ्या संख्येने मिळू लागले, त्यात या यंत्राचा मोठा वाटा मानला जातो. २०२५ पासून अमेरिकेतील प्रमुख बास स्पर्धांमध्ये त्याच्या वापरावर मर्यादा घालण्यास सुरुवात झाली आहे. वाटाड्यांच्या दृष्टीने हे यंत्र दुधारी आहे : त्याने त्यांचा दिवस फुकट जाण्याची शक्यता कमी केली, पण पाण्याखालचा मुलूख पाठ असण्याची किंमतही त्यानेच घटवली.

न विकता येणारा मासा

बास हा एकेकाळी बाजारात विकला जाणारा मासा होता. बेसुमार मासेमारीमुळे तो घटू लागला तेव्हा राज्ये एकामागून एक त्याच्या विक्रीवर बंदी आणू लागली, आणि १९२६ च्या ‘ब्लॅक बास’ कायद्याने राज्यांचे नियम मोडून होणारी आंतरराज्य वाहतूक रोखली. (त्या तरतुदींची जागा १९८१ मध्ये सुधारित लेसी कायद्याने घेतली.) अशा रीतीने मासा बाजारातून बाहेर पडला, मागे उरली ती केवळ तो पकडण्याची संधी, आणि व्यापार सुरू झाला तो या संधीचा.

या व्यापाराला नैतिक अधिष्ठान देण्याचे काम मात्र स्पर्धांनी केले. अलाबामातील विमा विक्रेते रे स्कॉट यांनी १९६७ मध्ये आर्कान्सातील बीव्हर लेक येथे मोठी बास स्पर्धा भरवली व पुढील वर्षी बास मच्छीमारांची संघटना स्थापन केली. स्पर्धेनंतर तोलून टाकलेल्या मेलेल्या माशांचे ढीग हे या खेळाचे लांच्छन ठरत होते. १९७२ पासून स्कॉट यांनी स्पर्धेतील मासे जिवंत सोडण्याचा आग्रह धरला आणि एका पिढीत ती रीतच बनली. बदल किती मोठा होता हे एका तुलनेने स्पष्ट होते. २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी या तरुणाने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोग्रॅमहून थोडा जास्त वजनाचा जागतिक विक्रमी बास पकडला. मंदीचे दिवस होते. तो मासा तोलला गेला, नोंदवला गेला, आणि घरी शिजवून खाल्ला गेला.

लेक फोर्कवर माशाला जिवंत सोडणे हा केवळ शिष्टाचार नसून बऱ्याच अंशी नियम आहे. १६ ते २४ इंचांदरम्यानचा, म्हणजे साधारण ४१ ते ६१ सेंटिमीटर लांबीचा बास ठेवून घेता येत नाही. त्याहून लहान मासे ठेवण्यास हरकत नाही. त्याहून मोठा दिवसाला एकच. या नियमामागील युक्तिवाद असा की, लहान मासे थोडे कमी झाले तर उरलेल्यांना अन्न मिळते, आणि मधल्या मापाचे मासे वाचले तरच त्यांतून काही अवाढव्य होतात. वाटाडे या नियमाचे समर्थन करतात, यात नवल नाही. मारलेला मासा एकदाच मिळकत देतो. सोडलेला मासा पुढच्या महिन्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गळाला लागू शकतो. येथे भूतदया आणि हिशेब एकाच दिशेने चालतात. मात्र त्यांची गल्लत करू नये, एवढे भान अभ्यासकाने ठेवले पाहिजे.

या व्यवस्थेचा खर्च कोण उचलतो, हेही पाहण्यासारखे आहे. १९५० च्या डिंगल-जॉन्सन कायद्यानुसार मासेमारीच्या साहित्यावर अबकारी कर आकारला जातो आणि त्याचे उत्पन्न राज्यांच्या मत्स्य विभागांना मिळते. १९८४ मध्ये नौकांच्या इंधनावरील कराचा वाटाही त्यात जोडण्यात आला. राज्याचा हिस्सा अंशतः क्षेत्रफळावर आणि अधिक प्रमाणात परवानाधारकांच्या संख्येवर ठरतो. म्हणजे वाटाड्याने घेतलेल्या गांडुळांच्या पुडक्यावरील कर अखेरीस मत्स्यबीज केंद्रात पोहोचतो, तेथील बोटुकली जलाशयात सुटते, आणि काही वर्षांनी तीच वाटाड्याच्या गिऱ्हाइकासमोर येते.

घरट्यावरचा नर

बासची वीण हा या साखळीतील सर्वात नाजूक दुवा होय. पाण्याचे तापमान १५ ते १८ अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की नर उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून वाटोळे घरटे करतो. मादी अंडी घालून निघून जाते. त्यानंतर अंड्यांवर पाणी खेळते ठेवणे, त्यांवर टपलेल्या ‘ब्लूगिल’सारख्या माशांना हाकलणे आणि पिल्ले फुटल्यावर त्यांच्या थव्याची राखण करणे हे सर्व नर एकटा करतो. या काळात तो घरट्यापासून हलत नाही आणि जवळ आलेल्या कोणत्याही वस्तूवर तुटून पडतो. भुकेमुळे नव्हे, तर राखणीमुळे. साहजिकच त्याला पकडणे सोपे असते. आणि तो होडीत काही मिनिटे असतानाच मोकळ्या घरट्यावर भक्षक मासे उतरतात.

या संदर्भात इलिनॉय राज्यातील रिज लेक येथे सुरू झालेला एक प्रदीर्घ प्रयोग लक्षणीय आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे पकडलेल्या प्रत्येक बासवर खूण करून तो सोडण्यात येई. काही मासे पुन्हा पुन्हा गळाला लागत. काही कधीच लागले नाहीत. डेव्हिड फिलिप व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन गटांची स्वतंत्र पैदास तीन पिढ्या चालू ठेवली, आणि दोन वंशांतील अंतर पिढीगणिक वाढत गेले. गळाला लागण्याची प्रवृत्ती काही प्रमाणात आनुवंशिक आहे, हा निष्कर्ष त्यांनी २००९ मध्ये मांडला. २०१२ मध्ये याच वंशांवर आधारित पुढील अभ्यासातून असे दिसले की, जे नर सहज पकडले जातात तेच घरट्याची राखण अधिक नेटाने करतात आणि त्यांची संततीही अधिक असते. अर्थ स्पष्ट आहे. वसंतातील मासेमारी नेमक्या चांगल्या बापांना घरट्यावरून उचलते. सोडलेला मासा जिवंत राहतो हे खरे. त्या वर्षीची त्याची पिल्ले राहतीलच असे नाही. दक्षिणेकडील मोठ्या जलाशयांत वीण दीर्घकाळ चालत असल्याने एकूण संख्येवर याचा परिणाम फारसा होत नाही, असे तेथील मत्स्य विभाग सामान्यतः मानतात. उत्तरेकडील काही प्रदेशांत मात्र वीण-काळात बास मासेमारी बंद ठेवली जाते. सुगीचा हंगाम आणि विणीचा हंगाम एकच असणे, हा वाटाड्याच्या व्यवसायातील न सुटलेला पेच आहे.

सोडून देणे : गुण की गुन्हा?

टेक्सासमध्ये जे सद्वर्तन, ते अन्यत्र अपराध ठरू शकते. जपानमध्ये बास १९२५ साली उद्योजक अकाबोशी तेत्सुमा यांनी आशिनोको सरोवरात आणून सोडला. १९७० च्या दशकात तो देशातील सर्वात मोठ्या बिवा सरोवरात आढळला आणि तेथील स्थानिक माशांवर त्याने मोठा ताण आणला. बिवा ज्या शिगा प्रांतात आहे तेथे २००३ पासून पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडण्यास मनाई आहे. काठावर तो टाकण्यासाठी पेट्या ठेवल्या आहेत. २००५ मध्ये देशपातळीवरील परकीय जीवजाती कायद्यानेही त्याची जिवंत वाहतूक, संवर्धन व सोडणे निषिद्ध ठरवले. गळाने पकडण्यास मात्र बंदी नाही, आणि वाटाडे तेथेही आहेत. विशेष म्हणजे पेरीच्या विक्रमाशी बरोबरी करणारा मासा २ जुलै २००९ रोजी याच सरोवरात मानाबू कुरिता यांना मिळाला. तो २२ पौंड ४.९७ औंसांचा होता, म्हणजे जवळपास एका औंसाने जड. पण नियमाप्रमाणे विक्रम मोडण्यास किमान दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून बरोबरी जाहीर झाली. मायदेशात विक्रमासाठी जपला जाणारा मासा परदेशात, नको असलेला पाहुणा म्हणून, तितकाच मोठा झाला.

जर्मनीत प्रश्न वेगळ्या अंगाने उभा राहतो. तेथील प्राणिकल्याण कायद्यानुसार सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना देता येत नाही. खाण्यासाठी पकडणे हे कारण ग्राह्य आहे, केवळ सोडून देण्यासाठी पकडणे सहसा नाही. माशांना वेदना होतात की नाही या वादाला २००३ मध्ये लिन स्नेडन व सहकाऱ्यांच्या ट्राउट माशावरील संशोधनाने नवी धार आली. त्यांनी माशाच्या तोंडाभोवती इजा टिपणारे मज्जातंतू दाखवून दिले. त्यावरून वेदनेच्या अनुभवापर्यंत जाता येते का, याविषयी शास्त्रज्ञांत अजूनही मतभेद आहेत.

वळवण ते कावेरी

भारतात अशा सहलींचा जवळचा नमुना म्हणजे कावेरीवरील महाशीर माशाची मासेमारी. महाशीरचे गळाने पकडण्याचे आकर्षण ब्रिटिश काळापासूनचे, एच. एस. थॉमस यांचा त्यावरील ग्रंथ १८७३ चा. स्वातंत्र्योत्तर काळात कर्नाटकातील भीमेश्वरी, गलिबोरे, दोड्डमाक्कळी येथील शिबिरांतून परदेशी व देशी हौशी मंडळी येऊ लागली. त्यांचे वाटाडे नदीकाठच्या गावांतलेच होते आणि त्यांपैकी काही जण पूर्वी सुरुंग लावून किंवा चोरून मासे मारणारे होते. नदीची तीच माहिती आता मासा सोडून देण्याच्या कामी आली आणि तिला नियमित वेतन मिळाले. पात्रावर त्यांची सततची नजर राहिल्याने चोरट्या मासेमारीलाही आळा बसला.

आणि येथे महाराष्ट्राचा संबंध येतो. आपल्याकडचा महाशीर म्हणजे खडस. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. ‘टॉर खुद्री’ या नावातील ‘खुद्री’ हा स्थानिक शब्दाचाच अवशेष. महाडजवळ वाळणकोंड येथे हे मासे देवाचे म्हणून आजही राखले जातात. हा मासा दुर्मीळ होत चालला असता लोणावळ्याजवळ वळवण धरणापाशी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात त्याचे मत्स्यबीज केंद्र उभारले. कृत्रिम प्रजननाचे तंत्र तेथे यशस्वी झाले, आणि देशातील अनेक पाण्यांसाठी तेथून बोटुकली देण्यात आली. त्यांत कावेरीही होती.

हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. महाशीर कमी होत आहे, म्हणून महाशीर सोडला, इतका तो सरळ विचार होता. परंतु कावेरीचा मूळ महाशीर वेगळा होता. पाठीवर उंचवटा आणि नारिंगी छटेचे पर असलेला तो अवाढव्य मासा केवळ त्याच खोऱ्यात सापडतो. लेक फोर्कमध्ये फ्लोरिडाचा बास सोडताना स्थानिक बासच्या वंशात मिसळ होणार हे ठाऊक होते, नव्हे तेच उद्दिष्ट होते, आणि उत्तरेकडील बासला अन्यत्र विस्तीर्ण प्रदेश शिल्लक होता. कावेरीच्या माशाला दुसरे घर नव्हते.

हे घडत असल्याचा पुरावा मिळाला तो शिबिरांतील नोंदवह्यांतून. प्रत्येक दिवशी कोणी किती तास गळ टाकला, कोणत्या रंगाचा व किती वजनाचा मासा मिळाला, हे गलिबोरे येथे लिहून ठेवले जात असे. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी १९९८ ते २०१२ या काळातील या नोंदी तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकूण मासे वाढत होते. पण वाढ होती ती निळसर परांच्या, बाहेरून सोडलेल्या महाशीरची. उंचवट्याचा मूळ मासा वर्षागणिक कमी होत जवळपास दिसेनासा झाला होता. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी निश्चित झाली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून करण्यात आली.

वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या अन्वयार्थानुसार अभयारण्यातील मासेमारी, सोडून देण्यासाठी केलेली असली तरी, शिकारीतच मोडते, या भूमिकेतून कावेरी अभयारण्यातील ही शिबिरे २०१२ पर्यंत बंद झाली. वाटाड्यांचे काम गेले. गलिबोरेची नोंदवहीही त्याच वर्षी संपते.